समुद्रात कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थात कर्ब, नत्र आणि स्फुरद यांचं प्रमाण सगळीकडे १०६:१६:१ च असतं का?

नाही. १०६:१६:१ ही सरासरी आहे आणि सरासरी म्हणून ती फार मोलाची आहे. पण कुठल्याही समुद्रात हेच प्रमाण मिळेल, असं धरून चालू नका. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. आमच्याकडच्या मुलांना हा विषय उसाच्या पाचटापासून सांगितला की पटकन कळतो, म्हणून तिथूनच सुरू करतो.

पाचटात नत्र फार कमी आणि कर्ब भरमसाट. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र पुरत नाही, म्हणून शेतकरी वरून युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकतात. समुद्रातल्या वनस्पतिप्लवकांना, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींना, उभं राहायला खोड लागत नाही, त्यामुळे त्यांच्यात लाकडी धागा नसतो. त्यांच्यात वजनाने एक भाग नत्रामागे जेमतेम सहा भाग कर्ब भरतो. (१०६:१६:१ हे अणूंच्या संख्येचं प्रमाण आहे, वजनाचं नव्हे. पुष्कळ विद्यार्थी इथेच अडकतात.)

अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञ अल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ साली दाखवलं, की प्लवकांच्या शरीरातलं नत्र-स्फुरदाचं प्रमाण आणि खोल पाण्यातल्या नायट्रेट-फॉस्फेटचं प्रमाण एकमेकांशी जुळतं. वर जे वाढतं तेच खाली जाऊन कुजतं, हा त्यामागचा धागा. आजचे आकडे पुढे स्थिरावले.

मग २०१३ साली जगभरच्या समुद्रांतली मोजमापं एकत्र करून एक अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि चित्र बदललं. ध्रुवांकडच्या थंड, पोषणाने भरलेल्या पाण्यातल्या सेंद्रिय कणांमध्ये ७८:१३:१. उष्ण, पण खालून पोषण वर येणाऱ्या भागात १३७:१८:१. महासागरांच्या मधोमध, जिथे पाणी उष्ण आणि पोषण जवळजवळ संपलेलं असतं, तिथे १९५:२८:१! म्हणजे तिथे स्फुरदाचा एक अणू ध्रुवाकडच्यापेक्षा अडीचपट कर्ब बांधून ठेवतो. वातावरणातला कार्बन समुद्र किती ओढतो याचा हिशेब करताना एकच आकडा वापरला, तर चूक केवढी होईल ते बघा.

असं का होतं? भरभर वाढणाऱ्या पेशीला प्रथिनं बनवणारे रायबोसोम खूप लागतात, आणि रायबोसोममध्ये स्फुरद भरपूर असतो. थंड पाण्यातले डायटम (काचेसारखं कवच असलेले वनस्पतिप्लवक) अशा वाढीचे. उलट उष्ण पाण्यातले प्रोक्लोरोकॉकससारखे इवलेसे जीव काटकसरीने जगतात. अटलांटिकमधल्या सारगासो समुद्रात तर ते पेशीच्या आवरणात स्फुरदाऐवजी गंधकाची स्निग्ध द्रव्यं वापरतात. ही काटकसर मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

आता कुजण्याकडे येऊ, कारण तुमचा प्रश्न त्याचाच आहे. कण खाली बुडत जातो तसा आधी स्फुरद सुटतो, मग नत्र, आणि कर्ब सर्वांत मागे राहतो. म्हणून एकाच जागी शंभर मीटरवरचा कण आणि हजार मीटरवरचा कण यांचं प्रमाण वेगळं येतं.

आमच्या तालुक्यातलं पाणी दोन्ही समुद्रांना जातं: म्हादई अरबी समुद्राला, मलप्रभा कृष्णेतून बंगालच्या उपसागराला. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरच्या खाली ऑक्सिजन जवळपास संपतो. मग जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नत्र वायू होऊन निघून जातो. त्यामुळे तिथल्या पाण्यात नायट्रेट-फॉस्फेटचं प्रमाण १६ च्या खाली उतरतं. गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी यावर मोठं काम केलंय. बंगालच्या उपसागरातही ऑक्सिजन कमीच, पण किंचित शिल्लक राहतो. नद्यांचा गाळ चिकटून कण जड होतात, लवकर तळाला जातात आणि मधल्या थरात कमी कुजतात, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

तुम्ही आकडे जमवत असाल तर प्रत्येक आकड्यापुढे खोली आणि नमुना कशाचा ते लिहून ठेवा: जिवंत प्लवक, बुडणारा कण की विरघळलेला सेंद्रिय पदार्थ. जुनाट विरघळलेल्या पदार्थात एका स्फुरदामागे कर्बाचे अणू हजारांवर जातात, कारण जिवाणूंना हवं होतं ते त्यांनी आधीच काढून घेतलेलं असतं.