शॉक लागला, माणूस वाचला, तरी कळवायचं का?

ताई, चवथीला माटोळीवर, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळापानांच्या सजावटीवर, लाइटची माळ बांधताना भावाला शॉक लागला, तो वाचला, मग लेखी कळवायची गरज काय, असं तुम्ही विचारलंय. आधी त्याचा ईसीजी काढून घ्या. आणि हो, कळवाच.

२००३ च्या वीज कायद्याचं १६१ वं कलम बघा. जीव गेला तरच नव्हे, जीव जाऊ शकला असता असा अपघातही त्यात येतो, माणसाचा तसाच गुराचाही. ज्याच्या वायरीवर घडलं त्याने विद्युत निरीक्षकाला, म्हणजे वीज सुरक्षेच्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवायचं. १९१० च्या कायद्यातही अपघात कळवायचं कलम होतंच.

फोंड्याकडे मी तीस वर्षं वायरिंग करतोय. एका कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पंपाला हात लावला की मुंग्या येतात, असं घरची बाई आठवडाभर सांगत होती. कोणी मनावर घेतलं नाही. मग तिथे गाय मेली. मी अर्थिंग उकरलं. वर दिसणारी तार धड होती, वीतभर खाली मात्र गंजून तुटलेली. पहिल्या दिवशीच कोणी दखल घेतली असती तर ते जनावर वाचलं असतं, हे मला अजून लागतं.

व्हिएन्नाचे डॉक्टर श्टेफान येलिनेक यांनी आयुष्यभर अशा अपघातांची दखलच घेतली. विजेने जळालेले कपडे, वितळलेल्या तारा, जखमांच्या मेणाच्या प्रतिकृती जमवल्या, त्यांचं संग्रहालय उभं राहिलं. १९३१ साली त्यांनी १३२ चित्रांचं पुस्तक काढलं. वाचता न येणाऱ्यालाही कळावं, वीज कुठून अंगात शिरते नि कुठून बाहेर पडते.

तुमच्याकडे एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की पडणारा स्विच, पडला नाही, त्यात नवल नाही. तो १६ अँपिअरचा. माणसाची मूठ तर १०-१५ मिलिअँपिअरलाच (मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग) आवळते, म्हणूनच आपण म्हणतो, ‘करंटने धरून ठेवलं’. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे एवढासा करंट गळला तरी वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या, दर महिन्याला त्याचं टेस्ट बटण दाबून बघा.

आजच लिहा: वेळ, जमीन ओली होती का, पायात चप्पल होती का, हात नेमका कुठे लागला, कोणी कसं सोडवलं. आणि ती माळ टाकू नका. जोड सेलोटेपने गुंडाळलेला असेल तर तो सोडवूही नका. आहे तशी पिशवीत घाला, वर तारीख लिहा, निरीक्षक आले की त्यांच्या हातात द्या.