नोए झोर्दानिया जेमतेम पावणेतीन वर्षं पंतप्रधान होते आणि शेवटी त्यांना देश सोडावा लागला. मग जॉर्जियाच्या इतिहासात त्यांना एवढं महत्त्व का?

आधी एक दुरुस्ती करतो. बऱ्याच ठिकाणी झोर्दानियांना जॉर्जियाचे पहिले पंतप्रधान म्हटलेलं दिसतं. पहिले पंतप्रधान नोए रामिश्विली. २६ मे १९१८ ला स्वातंत्र्याची घोषणा झाली तेव्हा झोर्दानिया राष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष होते. सरकारची सूत्रं त्यांच्याकडे आली ती २४ जुलैला.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर थोडक्यात असं: मार्क्सवादी पक्ष हाती पूर्ण बहुमत असतानाही निवडणुका, संसद आणि विरोधी पक्ष टिकवून राज्य करू शकतो, हे ज्या काळात शेजारच्या रशियात कुणी मानायला तयार नव्हतं, त्याच काळात या माणसाने ते करून दाखवलं. पण त्यांना फक्त १९१८ पासून बघितलं तर हे कसं जमलं ते कळत नाही. मागे गुरियापर्यंत जावं लागतं.

गुरिया हा पश्चिम जॉर्जियातला, काळ्या समुद्राकाठचा गरीब शेतकऱ्यांचा मुलूख. झोर्दानियांचा जन्म तिथल्याच लांचखुतीचा, १८६८ चा. तिफ्लिसच्या (आजचं तिबिलिसी) सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात शिकले, मग पशुवैद्यकीसाठी वॉर्सात गेले आणि तिथे मार्क्सवादी झाले. परत येऊन 'क्वाली' हे नियतकालिक चालवू लागले. तिथेच एकदा त्याच सेमिनरीतला एक तरुण पक्षात काम मागायला आला. 'अजून शिक, वाच,' असं सांगून आपण त्याला परत पाठवलं, असं झोर्दानियांनी आठवणींत लिहिलं आहे. तो तरुण म्हणजे पुढचा स्टालिन.

१९०२ पासून गुरियातल्या शेतकऱ्यांनी जमीनदारांवर बहिष्कार टाकला. जॉर्जिया तेव्हा रशियन साम्राज्यात होता, पण १९०५ पर्यंत झारचे अधिकारी नावापुरते उरले होते. तंट्यांचा निवाडा गावसभा करत आणि शिक्षा म्हणूनही बहुतेक वेळा बहिष्कारच घालत. त्या वेळचं पुस्तकी मत होतं की क्रांती कामगार करणार, शेतकरी नव्हे. झोर्दानियांचे सहकारीही आधी बिचकले, पण अखेर त्यांनी शेतकऱ्यांना पक्षात घेतलं. मला हा त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात निर्णायक टप्पा वाटतो. झोर्दानिया मेन्शेविक होते, म्हणजे रशियन मार्क्सवाद्यांमधल्या, लेनिनच्या बोल्शेविकांपासून वेगळ्या झालेल्या मवाळ गटाचे. रशियातल्या मेन्शेविकांचा पाया शहरांपुरता राहिला, जॉर्जियातल्या मेन्शेविकांची मुळं खेड्यात गेली. १९०६ च्या पहिल्या ड्यूमात (झारच्या काळातली रशियन संसद) झोर्दानिया निवडून गेले, ती बरखास्त झाल्यावर निषेधाच्या जाहीरनाम्यावर सही केली म्हणून तुरुंगातही गेले.

फेब्रुवारी १९१९ च्या संविधान सभेच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला १३० पैकी १०९ जागा मिळाल्या, त्या अशा तयारीवर. स्त्रियांना मतदान होतं आणि पाच स्त्रिया निवडून आल्या. जमीनदारांची जादा जमीन काढून शेतकऱ्यांना दिली, तीही सामुदायिक शेतीचा आग्रह न धरता, खाजगी मालकीने. कट्टर सहकाऱ्यांना हे रुचलं नसणार, पण शेतकरी सरकारच्या बाजूला राहिला. विरोधक सभागृहात होते, त्यांची वर्तमानपत्रं निघत होती.

आता दुसरी बाजू, कारण ती न सांगता कौतुक करणं मला पटत नाही. डिसेंबर १९१८ मध्ये आर्मेनियाशी सीमेवरून युद्ध झालं. १९२० मध्ये ओसेतियन अल्पसंख्याकांच्या दक्षिण ओसेतिया या भागात बोल्शेविकांच्या पाठबळाने उठाव झाला, तेव्हा सरकारी गार्डने गावं जाळली आणि हजारो माणसं डोंगर ओलांडून उत्तरेला पळाली. त्या जखमेचा उल्लेख ओसेतियन लोक आजही करतात. स्वतःच्या लोकांशी संयमाने वागणारं हे सरकार अल्पसंख्याकांशी तसं वागलं नाही. याची जबाबदारी पंतप्रधानांवर येतेच.

परराष्ट्र धोरणात त्यांच्या हातात फार काही नव्हतं. आधी जर्मनीचा आधार, मग ब्रिटिशांचा, आणि १९२० मध्ये ब्रिटिश निघून गेले. त्या मे महिन्यात लेनिनच्या सरकारने करार करून जॉर्जियाला मान्यता दिली. बदल्यात एका गुप्त कलमाने जॉर्जियातल्या कम्युनिस्टांना मोकळीक द्यावी लागली. वर्षही झालं नाही आणि फेब्रुवारी १९२१ मध्ये बोल्शेविकांची लाल सेना आत घुसली. २१ फेब्रुवारीला, लढाई चालू असताना, संविधान सभेने राज्यघटना मंजूर केली. तिने फाशीची शिक्षा रद्द केली होती. चारच दिवसांत तिबिलिसी पडलं आणि मार्चमध्ये बाटुमीहून सरकार जहाजाने निघालं.

पुढची तीस वर्षं फ्रान्समध्ये गेली. जॉर्जियात सोव्हिएत सत्तेविरुद्ध झालेला १९२४ चा उठाव चिरडला गेला, हजारोंना गोळ्या घातल्या. रामिश्विलींची १९३० मध्ये पॅरिसमध्ये हत्या झाली. झोर्दानिया ११ जानेवारी १९५३ ला वारले, स्टालिनच्या आधी दोन महिनेही नाही.

त्यांचं महत्त्व कागदावरही उरलं आहे. ९ एप्रिल १९९१ ला जॉर्जियाने नवं स्वातंत्र्य जाहीर केलं नाही, १९१८ चं राज्य पुन्हा स्थापन झाल्याचं जाहीर केलं. १९९५ च्या राज्यघटनेच्या प्रास्ताविकात १९२१ च्या घटनेचा आधार घेतला आहे, आणि स्वातंत्र्यदिन २६ मेलाच असतो.