केळीच्या खोडावर पीएच.डी. करायला नेदरलँड्सला यायचं म्हणतोस, तर

भाऊ, तू विचारलंस की जळगावला एम.टेक. झालंय, भुसावळकडच्या एका कॉलेजात शिकवतोयस, केळीच्या खोडापासून इथेनॉल यावर काम केलंयस, आता पीएच.डी.साठी नेदरलँड्सला यावं का, आणि बायकोचं काय. तू 'ताई' म्हणालास म्हणून अरे-तुरे करते. मी मूळची सावद्याची. जळगावलाच केमिकल टेक्नॉलॉजी केलं, पीएच.डी. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात, आता इथल्याच दुसऱ्या विद्यापीठात शिकवते.

यायचं तर ये, पण इंधनासाठी येऊ नकोस, तंत्र शिकायला ये. रावेर-यावलच्या केळीच्या खोडांसाठी इथे कोणी पगार देणार नाही. शिवाय त्या खोडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. टनभर खोड ट्रॉलीत भरून आणलं तरी सुका माल शंभर किलोही नाही, आणि त्यातल्या सगळ्याची साखर होत नाही. ती साखर म्हणजे ग्लुकोज; तिच्या एका किलोतून इथेनॉल कागदावरसुद्धा ०.५१ किलोच निघतं, बाकीचा कार्बन डायऑक्साइड. म्हणजे डिझेल पाणी वाहण्यातच जातं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, कोरडी असते, वाहायला परवडते, पण तिच्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा भाग, भरपूर. आतली साखर काढायला ती फोडावी लागते, आणि त्याला जोर लावावा लागतो. आम्ल घालून वाफेवर जास्त वेळ ठेवलीस की द्रावण तपकिरी होतं, बदामासारखा वास येतो. तो फरफ्युरलचा, साखर बिघडून होणाऱ्या रसायनाचा. तो वास आला की समज, साखर आंबवणारं यीस्ट आता रुसणार. हे तुला ठाऊक असेलच. मुलाखतीत नेमकं हेच सांग. 'भारतात शेतीचा कचरा खूप आहे' हे त्यांनी शंभरदा ऐकलंय.

डेल्फ्टचं नाव या विषयात का घेतात ते सांगते. साधं यीस्ट ग्लुकोज खातं, पण पऱ्हाटी किंवा कडब्यातून निघणारी झायलोज ही दुसरी साखर तशीच सोडतं. डेल्फ्टच्या गटाने २००३ च्या सुमारास पायरोमायसिस नावाच्या बुरशीतलं जनुक यीस्टमध्ये घालून ती झायलोज वापरायला लावली. ही बुरशी मिळाली होती भारतीय हत्तीच्या लिदीतून! आपला हत्ती आपल्या आधी इथे पोचला.

पण तेव्हाचा उत्साह आता इथेनॉलवर नाही. अमेरिकेत आयोवामध्ये मक्याच्या कडब्यापासून इथेनॉल करणारे दोन मोठे कारखाने उभे राहिले, तेही थांबले: ड्यूपॉंटने २०१७ मध्ये हात काढला, पोएट-डीएसएमने २०१९ मध्ये उत्पादन थांबवलं. कडबा गोळा करणं, साठवणं, त्यातली माती-वाळू, सगळं महाग पडतं. युरोपात आता विमानाच्या इंधनाकडे ओढा आहे. २०२५ पासून २ टक्के आणि २०३० ला ६ टक्के शाश्वत इंधन मिसळायचं बंधन आहे, आणि धान्य-तेलबियांपासूनचं त्यात धरत नाहीत. जागा निघतात त्या तिथे, किंवा रसायनं बनवण्यात. उलट इथेनॉलचं खरं काम आपल्याकडेच चाललंय. पानिपतला २०२२ मध्ये भाताच्या पेंढ्यावर दिवसाला १०० किलोलिटर क्षमतेच्या प्रकल्पाचं उद्घाटन झालं, तंत्रज्ञान पुण्याच्या 'प्राज'चं. शेतीच्या कचऱ्यापासून इथेनॉल यावरच काम करायचं असेल तर आधी तिकडे चौकशी कर, मग व्हिसाची.

तरीही यायचं असेल तर इथे पीएच.डी. म्हणजे नोकरी. चार वर्षांचा करार, सुरुवातीला कर कापण्याआधी महिन्याला तीन हजार युरोच्या आसपास, मे महिन्यात सुट्टीचा ८ टक्के भत्ता. पहिल्या वर्षाअखेर 'पुढे जायचं की थांबायचं' याचा निर्णय होतो, तो फार्स नाही. व्हिसाचा अर्ज विद्यापीठच करतं, आणि तुझ्या परवान्यावर आलेल्या बायकोला नोकरी करता येते. तिला मात्र आधी विचार. खरा त्रास घराचा. खोलीसुद्धा मिळत नाही, म्हणून करार हातात पडताच शोध सुरू कर.

प्राध्यापकीचं आत्ताच मनात धरू नकोस. पीएच.डी.नंतर पोस्टडॉक, म्हणजे कराराची तात्पुरती संशोधनाची नोकरी, मग जागा निघाली तर असिस्टंट प्रोफेसर, शिवाय सरकारी अनुदानासाठी स्पर्धा, आणि डच शिकणं वेगळंच. मला ती भाषा अजून जड जाते. मीटिंगमध्ये विनोद झाला की मी एक ठोका उशिरा हसते.

आत्ता लगेच करायचं काम म्हणजे तुम्हा दोघांचे जन्मदाखले. ग्रामपंचायतीच्या जुन्या नोंदीत पुष्कळदा नावच नसतं, नुसतं 'मुलगा'. ते आधी दुरुस्त करून घे, इंग्रजीतही काढ, मग राज्य सरकारचा शिक्का आणि परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचा शिक्का. लग्नाच्या दाखल्याचंही तसंच. इथल्या नगरपालिकेत नोंद करताना ते मागतात, आणि इथून ते मागवणं म्हणजे घरच्यांना तहसीलच्या चकरा.

जागा 'अकॅडेमिक ट्रान्सफर' या साइटवर लागतात. एकच मेल वीस प्राध्यापकांना टाकू नकोस, 'रिस्पेक्टेड सर' तर मुळीच नको. सीव्ही दोन पानी कर; पारितोषिकं खाली ढकल, आणि एचपीएलसी (द्रावणातली साखर वगैरे मोजायचं यंत्र) स्वतः चालवलंस का, कुठल्या कॉलमवर, फर्मेंटर (आंबवायची टाकी) किती लिटरचा, हे वर आण. मसुदा झाला की मला पाठव, रविवारी बघते.