दीड लाख म्हणजे किती?

प्रिय मित्रा,

तुझा लांबलचक मेसेज काल रात्री दोनदा वाचला. मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर पोकर स्पर्धेतून बाद होऊन उतरलास आणि तिथेच जेटीवर बसून लिहिलास, हे वाचून वाईट वाटलं. एक गोष्ट मात्र खटकली. प्रत्येक डाव तू बारकाईने लिहिलास. कुणाकडे कोणते पत्ते निघाले, कोण किती वेळ विचार करत बसला, सगळं आहे. स्वतःच्या स्टॅकबद्दल, म्हणजे आपल्याकडच्या एकूण चिप्सबद्दल, मात्र एकच वाक्य: ‘दीड लाख होते, सुरुवातीच्या पाचपट, छान चाललं होतं.’

छान चाललेलं नव्हतं रे. सुरुवातीला 30,000 चिप्स होत्या आणि ब्लाइंड, म्हणजे दर डावाला दोघांनी पत्ते बघण्याआधी भरायच्या रकमा, 100-200. लहान ती स्मॉल ब्लाइंड, मोठी ती बिग ब्लाइंड, म्हणजे तुझ्याकडे 150 बिग ब्लाइंड होते. तू सांगतोस त्या वेळी ब्लाइंड 4,000-8,000 झाले होते. दीड लाख भागिले 8,000 म्हणजे जेमतेम 19. चिप्स पाचपट झाल्या, त्याच वेळात ब्लाइंड चाळीसपट झाले. ‘अ‍ॅव्हरेज 1 लाख 70 हजार होतं, मी जवळपास तिथेच होतो,’ असंही तू म्हणतोस. 1 लाख 70 हजार म्हणजे 21 बिग ब्लाइंड. याचा अर्थ सगळा हॉलच अडचणीत होता. अ‍ॅव्हरेज बघून फक्त बाकीच्यांचं कसं चाललंय ते कळतं. आपल्याला कुठला डाव परवडतो, हे त्यातून कधीच कळत नाही.

मोजायची आणखी एक रीत आहे. बॅकगॅमन या फाशांच्या खेळाचा मोठा खेळाडू आणि गणितज्ञ पॉल मॅग्रिएल याच्या नावावरून तिला ‘एम’ म्हणतात. 1995 चा पोकरचा विश्वविजेता डॅन हॅरिंग्टन याने 2005 मध्ये ती लिहून सर्वांपर्यंत पोचवली. टेबलावर एक फेरी नुसतं बसून राहायला किती खर्च येतो, त्याने आपल्या स्टॅकला भागायचं. तुझ्या टेबलावर स्मॉल ब्लाइंड 4,000, बिग ब्लाइंड 8,000 आणि बिग ब्लाइंडवाल्यानेच सगळ्या टेबलासाठी भरायची जादा रक्कम, म्हणजे अँटी, 8,000, म्हणजे फेरीचे 20,000. तुझा एम साडेसात. नऊ जण असताना साडेसात फेऱ्या म्हणजे 67 डाव. पाचच जण उरले तर 37. त्यात मध्येच लेव्हल, म्हणजे ब्लाइंडची पायरी, वाढली की हाही आकडा घसरतो. अँटी अशी असली की फेरी अडीच बिग ब्लाइंडला पडते, तेव्हा बिग ब्लाइंडच्या संख्येला अडीचने भागलं की काम झालं.

आता तुझे डाव बघू. पंज्यांची जोडी घेऊन तू 18,000 ची रेझ (वाढवलेली बोली) कॉल केलीस, म्हणजे तेवढेच भरून डावात राहिलास. तिसरी पंजी फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांत, यायची शक्यता साधारण साडेआठात एक. एवढ्या वेळा 18,000 घालवायचे, तर ती आल्यावर निदान दहा-पंधरापट सुटायला हवेत. तुझ्यामागे उरले होते 1,32,000, म्हणजे सातपटीच्या थोडं वर. समोरचा दर वेळी सगळं देत नाही, त्यामुळे हिशेब जमत नव्हता. 19 बिग ब्लाइंडला या जोडीचे दोनच उपयोग. रेझ बटणावरून (फ्लॉपनंतर सर्वांत शेवटी बोलणाऱ्या जागेवरून) किंवा त्याच्या शेजारून आली असेल तर ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स पुढे. पहिल्या जागेवरून आली असेल तर पत्ते टाकून द्यायचे.

दुसरा डाव बदामच्या सत्ती-अठ्ठीचा. रेझ करणाऱ्याकडे मिळून 64,000 होते, असं तूच लिहिलंयस. म्हणजे तो डाव आठ बिग ब्लाइंडचा होता. दोघांपैकी ज्याचा स्टॅक लहान, तोच त्या डावाचा स्टॅक; तुझ्याकडे दीड लाख असोत की दहा लाख. फ्लश-स्ट्रेटच्या, म्हणजे एकाच चिन्हाचे किंवा ओळीने पाच पत्ते जुळण्याच्या, आशेवर खेळायचे पत्ते खोल, म्हणजे मोठ्या, स्टॅकला शोभतात, तिथे पूर्ण झाल्यावर मोठी रक्कम मिळते. इथे मिळणार काय होतं?

तिसऱ्या कॉलबद्दल वेगळं सांगत नाही. तीन कॉलमध्ये 54,000 गेले आणि उरले 96,000, बरोबर 12 बिग ब्लाइंड. तिथून तू ‘चांगल्या पत्त्यांची वाट बघत’ दोन फेऱ्या बसलास. 40,000 बसण्यात गेले, ब्लाइंड 5,000-10,000 झाले. मग बटणावर एक्का-छक्की आली, तू 56,000 ऑल-इन टाकलेस, बिग ब्लाइंडने गुलाम-अठ्ठीवर कॉल केला आणि जिंकला. त्याला तू मेसेजमध्ये जे म्हटलंयस ते मागे घे, कारण त्याचा कॉल बरोबर होता.

आकडे मांडून बघ. पॉटमध्ये, म्हणजे मध्ये जमलेल्या रकमेत, तुझे 56,000, स्मॉल ब्लाइंडचे 5,000, त्याचे 10,000, अँटीचे 10,000, एकूण 81,000. त्याला भरायचे होते 46,000. म्हणजे 36 टक्के वेळा जिंकला तरी त्याचं नुकसान नाही. एक्का-छक्कीविरुद्ध गुलाम-अठ्ठी 40 टक्क्यांच्या वरच जिंकते. तुझे पत्ते उलटे करून त्याला दाखवले असतेस तरी त्याने कॉल करायला हवा होता.

हेच पत्ते दोन फेऱ्या आधी 96,000 सह टाकले असतेस तर त्याला 88,000 भरावे लागले असते आणि 43 टक्के जिंकायला लागले असते. तुझे पत्ते न दिसता गुलाम-अठ्ठीवर तेवढा धोका कोणी सहसा घेत नाही. समोरच्याला पत्ते टाकायला लावण्याची ताकद तुझ्याकडे होती, ती तू बसून खर्च केलीस. मला या डावात सर्वांत जास्त लागलं ते हे. शिवाय तेव्हा नुसते ब्लाइंड आणि अँटी उचलल्या असत्यास तरी 20,000 मिळाले असते, म्हणजे स्टॅकमध्ये पाचवा हिस्सा वाढ.

बक्षिसाच्या रेषेजवळ, म्हणजे आणखी थोडे जण बाद झाले की उरलेल्यांना बक्षीस मिळणार असतं तेव्हा, हे आकडे थोडे वाकतात. तीन जणांकडे चार-चार बिग ब्लाइंड असतील तर तुझे 12 थांबू शकतात. ब्लाइंडवर मोठा स्टॅकवाला बसला असेल तर हात आखडायचा. त्यावर सविस्तर पुढे बोलू, आधी मोजणं अंगवळणी पडू दे.

तुझी अडचण मला कळते. तू ऑनलाइन शिकलास, तिथे प्रत्येकाच्या नावाखाली बिग ब्लाइंडचा आकडा आयता दिसायचा. 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळणं बंद झालं आणि तू थेट बोटीवर गेलास. तिथे आकडा कोणी दाखवत नाही. समोरचा ऑल-इन गेला तरच डीलर त्याच्या चिप्स मोजून सांगतो. तोवर आपले डोळे. बहुतेक जण 20-20 चे मनोरे लावतात: 5,000 च्या चिप्सचा एक मनोरा म्हणजे 1 लाख, हजाराच्या चिप्सचा म्हणजे 20,000. मोठ्या किमतीच्या चिप्स पुढे दिसतील अशा ठेवायचा नियम आहे, तरी दोन चिप्स मनोऱ्याआड राहतात, त्या शोधायच्या. मी पत्ते उचलण्याआधीच डाव्या हाताच्या दोघांचे स्टॅक बघून घेतो, कारण पत्ते दिसले की मन त्यांच्याच बाजूने हिशेब करायला लागतं.

एवढी फी भरून पुन्हा लगेच जाऊ नकोस. रविवारी दुपारी घरी ये. चिप्सची पेटी काढून ठेवतो. मी मनोरे लावीन, ब्लाइंड सांगेन, आणि तू हात न लावता पाच सेकंदांत प्रत्येकाचे बिग ब्लाइंड सांगायचेस.

तुझा,
दादा