‘कुणालाच नको असलेलं’ घर

प्रश्न : आईबाबा मूळचे नाशिकचे, मी वाढले हंट्सव्हिलला. यंदा अलाबामा विद्यापीठात आले आणि ऑगस्टमध्ये सोरोरिटीच्या रशमध्ये, म्हणजे मुलींच्या क्लबांच्या (त्यांना ‘घरं’ म्हणतात) सदस्यनिवडीच्या फेऱ्यांमध्ये उतरले. हवी होती ती सगळी घरं एकेक करून गळाली. शेवटच्या, प्रेफरन्सच्या फेरीला एकाच घराचं बोलावणं उरलं. ते घर कुणालाच नको असतं, म्हणून मी नाव काढून घेतलं. रूममेट आता तिथेच आहे. जेवायला बोलावते, मी जात नाही. माझ्यात काय कमी होतं? रंगामुळे झालं असेल का?
– रडून थकलेली

उत्तर : अगं, ‘कुणालाच नको असतं’ हे वाक्य तू घाईघाईने उरकलंस आणि मी तिथेच अडले. तुझ्या रूममेटला ते घर हवं होतं, ती ‘कुणीच’ नाही का? आणि प्रेफरन्सला तुझ्यासमोर जी बसणार होती ती? त्या फेरीत वाटेल तिला समोर बसवत नाहीत. आधीच्या दिवसांत जिच्याशी सूर जुळले, बहुधा तिलाच बसवतात. ‘तू आमच्याकडे ये’ हे तुला सांगायची तयारी करून ती थांबली असणार, आणि तू फिरकलीच नाहीस. तुला नाकारलं हे खरं, पण तूही नाकारलंस. तेही ऐकीव क्रमवारीवर!

बाकीच्या घरांचं म्हणशील तर, कुणी किती मुलींना पुढच्या फेरीला बोलवायचं याचा आकडा त्यांना ठरवून मिळतो, आदल्या वर्षांत बोलावलेल्यांपैकी किती परत आल्या ते पाहून. जिथे झुंबड जास्त, तिथे कात्री लवकर आणि जोरात चालते. तुमच्याकडे दोन हजारांहून जास्त मुली रशला उतरतात. काही मिनिटांच्या गप्पांवर होणाऱ्या त्या कापाकापीत स्वतःतली खोट शोधत बसू नकोस.

रंगाचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. २०१३ साली तुमच्याच विद्यार्थ्यांच्या ‘द क्रिमसन व्हाइट’ या वृत्तपत्राने छापलं होतं, की घरातल्या मुली राजी असूनही जुन्या सदस्यांनी कृष्णवर्णीय मुलीला अडवलं. देशभर बोभाटा झाला, तेव्हा कुठे दारं उघडली. तुझ्या वेळी बंद खोलीत काय बोलणं झालं, ते तुला कधीच कळणार नाही. पण या शेवटच्या घराने तुला पाहूनच बोलावलं होतं ना?

रूममेट पुन्हा विचारेल म्हणून थांबू नकोस. आज तूच विचार, ‘जेवायला कधी येऊ?’ बिडसाठी, म्हणजे सदस्यत्वाच्या आमंत्रणासाठी नव्हे हं. जागा उरली असेल तर नंतरही घेतात, पण तो विषय त्या टेबलावर काढलास तर माझ्याशी गाठ आहे. तिथे त्या मुलीला शोध आणि ‘त्या दिवशी मी यायला हवं होतं’ एवढं तिला सांग. तिचं नाव आठवतंय ना तुला?