जेट इंजिनाच्या पात्यावरचं कोटिंग किती तास टिकेल, हे आधी कसं सांगतात?

भट्टीत असे नमुने भाजण्यात माझी काही वर्षं गेलीत, म्हणून लिहितोय. कोटिंग किती झिजलं त्यावरून आयुष्य काढतात का, असं तुम्ही विचारलंय. झीज सहसा गौण. कोटिंग जातं ते पोपडे सुटून, ओल धरलेल्या भिंतीच्या रंगासारखं.

वरचा पांढरा थर झिर्कोनिया या सिरॅमिकचा. तो उष्णता अडवतो, ऑक्सिजन नाही. ऑक्सिजन खालच्या धातूच्या थरापर्यंत पोचतो, तिथल्या ॲल्युमिनियमशी संयोग पावतो आणि दोन्ही थरांच्या मध्ये ॲल्युमिनाचा पापुद्रा धरतो. सगळा हिशेब या पापुद्र्याचा. १०० तासांत तो ३ मायक्रॉन झाला, तर ६ व्हायला २०० नव्हे, ढोबळमानाने ४०० तास लागतात. साधारण ५ ते १० मायक्रॉनला पोचला की धोका. तापमान ११०० वरून ११५० अंशांवर नेलं, तर तेवढीच जाडी निम्म्याहून कमी वेळात येऊ शकते. म्हणून जास्त तापवून लवकर निकाल काढायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण खालचा ॲल्युमिनियमचा साठा आटला की निकेल-क्रोमियमची ठिसूळ ऑक्साइडं वाढू लागतात आणि ते सुबक गणित तिथेच मोडतं.

दुसरी गोष्ट, तापणं-निवणं. निवताना धातू जास्त आकसतो, ॲल्युमिना कमी. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पापुद्र्यावर ३-४ गिगापास्कलचा दाब बसलेला असतो. त्यामुळे दिवसात चार-पाच उड्डाणं करणाऱ्या विमानाचा आकडा सलग चालणाऱ्या वीजकेंद्राच्या टर्बाइनला लावू नका. नुसते तास सांगणाऱ्याला 'तापण्या-निवण्याच्या फेऱ्या किती?' हे आधी विचारा.

आणि एक गंमत, जी मला फार उशिरा कळली. शुक्रवारी संध्याकाळी एक नमुना बाहेर काढला, भिंगाखाली पाहिला, 'ठीक' अशी नोंद केली आणि टेबलावर बशीत ठेवून घरी गेलो. सोमवारी बशीत पांढरी चकती वेगळी, धातू वेगळा! भट्टी तर बंदच होती. हवेतल्या दमटपणाने ताणाखालचा जोड हळूहळू सुटतो, हे त्या दिवशी कळलं. आता वहीत कोणते तास लिहायचे, शुक्रवारचे की सोमवारचे? त्या दिवसापासून आमच्या तक्त्यात एक रकाना वाढला: 'बाहेर किती वेळ ठेवून पाहिला'. दुसऱ्या कुणाचे आकडे वाचताना मी आधी तोच शोधतो. बहुतेकदा नसतो.