जळगावहून आई-वडील आणि लहान मुलांना घेऊन माथेरानच्या टॉय ट्रेनला जाण्यात अर्थ आहे का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: कधी जावं, तिकीट कसं मिळतं आणि जळगावहून एवढं लांब जाण्यासारखं आहे का. पहिल्या दोन खाली कुठेतरी येतील. तिसरीवर मात्र मला बोलायचंच आहे, कारण मी पहूरचा.

पहूरचा म्हणजे पीजेवरचा. पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर ही आमची छोटी गाडी, 56 किलोमीटर, वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. आता तिथे बोदवडपर्यंत मोठी लाइन होणार आहे. होऊ द्या, मोठी लाइन हवीच होती, पोरांना कॉलेजला जायला लागते. पण जळगावच्या माणसाने छोट्या गाडीसाठी माथेरान विचारलं की मला पहिला प्रश्न सुचतो, तुम्ही पीजेत किती वेळा बसलात? जळगावहून पाचोरा तासाभराचंही नाही. मी हा प्रश्न नाशिक-पुण्यात स्थायिक झालेल्या निदान वीस खान्देशी माणसांना विचारलाय. बहुतेक सगळ्यांचं उत्तर, "राहूनच गेलं भो."

आमचे आप्पा, म्हणजे वडील, शिंपी. पहूरला बसस्टँडच्या मागे दुकान होतं. अस्तर, दोरा, बटणं, कॅनव्हास असला माल आणायला दर आठवड्याला पाचोऱ्याला जायचे, पीजेनेच. एसटी होती, पण तिचं तिकीट जास्त आणि कापडाचा गठ्ठा टपावर टाकावा लागायचा. शिवाय खरं कारण वेगळंच. येताना गाडीत त्यांचं काम व्हायचं. पाचोऱ्याहून पहूर येईपर्यंत तीन ब्लाउजची हुकं आणि एका शर्टाची काजं हाताने. खिडकीजवळ बसून, चष्मा नाकाच्या टोकावर, दोऱ्याचं रीळ मांडीखाली दाबून. बाहेर कपाशी, मग केळी, मग परत कपाशी. मी शाळेत असताना सुट्टीत सोबत जायचो तेव्हा सुई ओवून द्यायचं काम माझं.

आता साडूंकडे येतो. त्यांच्याशिवाय हे उत्तर पूर्ण होत नाही.

आमचे साडू डोंबिवलीचे. माणूस चांगला, हातचं न राखता मदत करणारा, पण डोंबिवलीच्या पलीकडे रेल्वे आहे हे त्यांना मान्य नाही. 2014 च्या मे महिन्यात शेंदुर्णीला लग्न होतं आमच्याकडचं. पाचोऱ्याला उतरलेली पाहुणेमंडळी हौसेने पीजेत बसली. साडू नाकाला रुमाल लावून दारात उभे. शेंदुर्णीला उतरल्यावर मांडवात, पन्नास माणसांत म्हणाले, "आप्पा, याच्यापेक्षा बैलगाडी केली असती तर लवकर आलो असतो. ही कसली रेल्वे, हे खेळणं आहे." सगळे हसले. आप्पाही हसले. पण त्या संध्याकाळी जेवले नाहीत नीट, हे मला आईने सांगितलं.

म्हणून 2023 च्या डिसेंबरात साडूंचा फोन आला, "माथेरानची मिनी ट्रेन परत सुरू झालीय, मुलांना घेऊन या, वर्ल्ड क्लास अनुभव आहे," तेव्हा मी मुद्दाम हो म्हटलं. आई-आप्पा, आम्ही दोघं आणि दोन पोरं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तिखट पुऱ्या आणि पोरांसाठी बिबडे. पाचोऱ्याहून रात्रीची गाडी, पहाटे कल्याण.

इथे माझी चूक सांगतो म्हणजे तुमची होणार नाही. नेरळ आपल्या लाइनीवर नाही. आपली गाडी इगतपुरी, कसारा करत कल्याणला येते. नेरळ कल्याणहून कर्जतच्या फाट्यावर आहे. मी अर्धवट झोपेत सगळ्यांना समोर उभ्या राहिलेल्या लोकलमध्ये चढवलं. शहाड गेलं, आंबिवली गेलं. आप्पा खिडकीतून बघत म्हणाले, "बापू, आपण परत घरी चाललो का?" ती कसारा लोकल होती. टिटवाळ्याला उतरलो, पूल चढून पलीकडे गेलो. आईचे गुडघे, दोन बॅगा, दशम्यांचा डबा. परत कल्याण, तिथून कर्जत लोकल. नेरळला पोचलो तेव्हा पहिली गाडी गेलेली आणि दुसरीची तिकिटं संपलेली.

साडू पहिल्या गाडीने वर पोचले होते, त्यांच्या चौघांची तिकिटं काढून. फोनवर म्हणाले, "तुमची वाट बघत बसलो असतो तर आमचीही गेली असती." बरोबरच आहे. पण राग यायचा तो आलाच.

मग आम्ही शेअर टॅक्सीने घाटाने दस्तुरीपर्यंत गेलो. पुढे मोटारगाडीला बंदी. तिथून जरा चालून अमन लॉज स्टेशनला, आणि अमन लॉज ते माथेरान शटल. ही जेमतेम तीन किलोमीटर. पोरांना तेवढ्यानेही आनंद झाला, हे कबूल करतो. आप्पांचा पांढरा पायजमा मात्र पोटऱ्यांपर्यंत लाल. माथेरानची माती लाल आहे आणि घोड्यांच्या टापांनी उडते. पांढरं काही नेऊ नका.

रात्री जेवण झाल्यावर साडूंनी मोबाईल काढला. नेरळहून वर येतानाचे चौदा व्हिडिओ. जुम्मापट्टी आणि वॉटर पाइप ही स्टेशनं, 'वन किस' बोगदा (तेवढा एकच बोगदा आहे त्या वाटेवर), प्रत्येक वळण. प्रत्येकाखाली त्यांचा आवाज, "बघा, बघा, काय इंजिनिअरिंग आहे." आहेच, नाही कोण म्हणतो? सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला, त्यांच्या मुलाने, अब्दुल हुसेन यांनी, गाडी डोंगरावर नेली. 1907 साली सुरू झाली, सोळा लाख रुपये लागले. वीस फुटांवर एक फूट चढ आणि दोनशेच्या वर वळणं. मी माणसाच्या कष्टाला नावं ठेवत नाही.

पण मी विचारलं, "साडूभाऊ, किती वेळ लागला?"

"अडीच-पावणेतीन तास. मजा येते ना हळू गेलं की."

"किती किलोमीटर?"

"एकवीस."

मी मोबाईलवर भागाकार केला. तासाला आठ किलोमीटर. पीजे 56 किलोमीटर दोन तासांच्या आतबाहेर जायची, म्हणजे साडेतीन पट. नऊ वर्षं मी त्या बैलगाडीची वाट बघत होतो, ती मला माथेरानच्या लॉजवर सापडली. साडू म्हणाले, "अहो, हा डोंगर आहे, तुमचं सपाट रान." तेही बरोबरच आहे, पण ते मी तेव्हा मान्य केलं नाही, आणि आजही लिहितोय ते केवळ प्रामाणिकपणा म्हणून.

आप्पा या सगळ्यात गप्प होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मला आणि थोरल्या पोराला उठवून म्हणाले, स्टेशनवर चला. फलाटाच्या कडेला गाडी नसलेली लाइन होती. आप्पांनी खिशातून टेप काढली. आयुष्यभर ती टेप त्यांच्या खिशात असते, आता दुकान मुलाकडे आहे तरी. पिवळी, आकडे निम्मे पुसलेले, पितळी टोक. पोराला म्हणाले, "रुळाच्या आतल्या बाजूपासून आतल्या बाजूपर्यंत धर. ढिली नको सोडू." पोराने धरली.

"चोवीस."

"नीट बघ."

"चोवीसच, आप्पा."

आप्पांनी टेप गुंडाळली. "आपली तीस होती." पहूरला ओळखीच्या गँगमनसोबत त्यांनी ती कधीतरी तरुणपणी मोजून ठेवली होती. कशासाठी, विचारलं तर म्हणाले, "शिंप्याला कारण लागतं का?"

तर ही गोष्ट लक्षात घ्या. माथेरानची लाइन दोन फुटी, आपली अडीच फुटी. दार्जिलिंगचीही दोन फुटी. आणि कालका-शिमला, जिला 2008 मध्ये जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, तिचं माप पीजेइतकंच, तीस इंच. विदर्भातली शकुंतला गाडी पण तेवढीच. डोंगर चढली की वारसा, कपाशीतून गेली की डबडं. हे माझं मत आहे आणि मी ते बदलणार नाही. सपाट रानातली गाडी शाळामास्तर, दूधवाले, शिंपी यांची असते, फोटो काढायला कुणी येत नाही, म्हणून ती बंद पडते तेव्हाही कुणी येत नाही.

साडूंना मी टेपचं सांगितलं. ते म्हणाले, "सहा इंचांनी काय होतं?" आप्पा पहिल्यांदाच बोलले, "छातीत सहा इंच कमी कापून देऊ का शर्ट?" साडूंना उत्तर सुचलं नाही. सुचलं असेल तर वडीलमाणसापुढे गिळलं असेल.

आता तुमचं काम. जून ते साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, पावसात लाइन धोक्याची होते. वरचं शटल तेव्हाही चालतं. पूर्ण गाडीच करायची असेल तर पाऊस संपून ती सुरू झाली की लगेच नोव्हेंबरात जा, डोंगर हिरवा असतो. मे महिन्यात जाऊ नका, आपण मे महिन्यापासून पळायला जातो आणि तिथे अख्खी मुंबई आलेली असते. शनिवार-रविवार तर अजिबात नाही. आम्ही गेलो तेव्हा तिकीट नेरळच्या खिडकीवरच होतं आणि डबे मोजके, म्हणून गाडीच्या बऱ्याच आधी रांगेत एक माणूस उभा करा. हा माणूस साडू असेल तर सगळ्यांची तिकिटं काढायला आधीच बजावून ठेवा. आई-वडिलांसाठी पहिला वर्ग घ्या. दुसऱ्या वर्गात तुमचे गुडघे समोरच्याच्या गुडघ्यांना लागतात. नैसर्गिक विधी नेरळलाच उरका, मुलांचे पण. खाण्याची पिशवी मांडीवर नको, माकडं सराईत आहेत. आमच्या दोन दशम्या वॉटर पाइपला गेल्या.

चढताना जागा नाही मिळाली तर रडत बसू नका, उतरताना बसा. आम्ही दुपारच्या गाडीने खाली आलो आणि माझ्या मते तेच बरं. दरी समोर असते आणि पोरं दिवसभर हुंदडून दमलेली असतात म्हणून जागेवर बसतात.

एक विसरलो. जळगावला परतताना दिवसाची गाडी धरा. कसाऱ्याला मागून ढकलायला इंजिनं जोडतात आणि थळघाट चढून इगतपुरीला येतो. बोगदे, दऱ्या, पूल सगळं आहे आणि त्याचं वेगळं तिकीट नाही. आमच्या धाकटीला माथेरानपेक्षा ते ढकलणं जास्त आवडलं. आईला सबंध प्रवासात सगळ्यात काय आवडलं तर नेरळचा वडापाव.

आणि हो, जाण्यासारखं आहे. वरचं सगळं वाचून तुम्हाला वाटेल मी नको म्हणतोय. आई-वडील चालते-फिरते आहेत तोवर जा.

फक्त उतरतानाचं एक सांगतो. मुलीच्या फ्रॉकचं बटण तुटलं होतं. आप्पांनी बंडीच्या आतून सुई-दोरा काढला. अमन लॉज सोडल्यापासून ते सुई ओवायला बघत होते. गाडी एका वळणावर डावीकडे झुकायची, लगेच उजवीकडे, दोरा नेढ्याच्या बाजूने जायचा. मी म्हटलं, द्या इकडे. नाही दिली. साडू समोर बसून बघत होते. जुम्मापट्टीला गाडी थांबली तेव्हा एका झटक्यात ओवली आणि साडूंकडे बघून म्हणाले, "आमच्या गाडीत चालत्यात ओवता यायची."

साडूंनी त्याचाही व्हिडिओ काढलाय.